खेळातून जिज्ञासा : डहाणू-तलासरीचा धडा

खेळ म्हणजे अभ्यासातून चुकविलेला वेळ, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. मुलांच्या हाती मोबाइल आल्यापासून ती अधिकच बळावली. डहाणू तालुक्याने या समजुतीला फार पूर्वीच उत्तर दिले आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' ती हीच. १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव देशभर पोहोचले. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने आणि शिंपले यांनी घेतली.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. बियांचे समान वाटे करताना एक मूल मोजते, दुसरे ढीग मांडते, तिसरे चूक दाखविते. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचेच. घरी वारली बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या पाठापुढे गप्प बसते. खेळात तेच मूल बोलके होते. त्याचे मौन म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे, हे शिक्षकाला तेथे उमगते.

सवंगड्यांसह खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांतही शोध, तर्क आणि सहकार्य यांना वाव असतो. मात्र तेथील प्रश्न खेळ रचणाऱ्याने आखलेले असतात, आणि बक्षिसाचे आमिष अनेकदा जिज्ञासेची जागा घेते. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. करमणूक व कौशल्यविकासासाठीच्या सामाजिक खेळांना त्यांपासून वेगळे मानले. हा विवेक घराघरांत पोहोचणे अगत्याचे आहे.

त्यासाठी मोबाइल हिसकावून घेणे पुरेसे नाही. कोठे अडले, कोणता मार्ग सुचला, तो का फसला, असे शिक्षकांनी मुलांना विचारावे. डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर मुलांना एकत्र खेळण्यास मोकळी जागा राहील, याची काळजी पंचायतींनी घ्यावी. साधन खड्यांचे असो वा पडद्याचे, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ऐकणारे माणूस लाभले, तरच खेळाचे शिक्षण होते.