घर रिकामं करायला आलेली माणसं कुणाची?

डब्लिनमधल्या पबच्या दारावर उभ्या राहणाऱ्या बाउन्सरला सरकारी परवाना लागतो. आयर्लंडने २००४ साली खासगी सुरक्षा सेवांसाठी कायदा केला आणि त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. दुकानातला रखवालदार, धोक्याची घंटा बसवणारा कारागीर, रोकड नेणाऱ्या गाडीवरचा पहारेकरी असे सगळे हळूहळू त्याच्या कक्षेत आले. कर्ज थकलं म्हणून एखाद्या कुटुंबाला राहत्या घरातून बाहेर काढायला जाणारी माणसं मात्र मोकळीच राहिली.

याचे परिणाम २०१८ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या नॉर्थ फ्रेडरिक स्ट्रीटवरची एक रिकामी इमारत घरटंचाईविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांनी ताब्यात घेतली होती. न्यायालयाच्या आदेशानुसार ती सोडवायला आलेल्या माणसांनी तोंडं झाकली होती. ती कोण, कुणी पाठवलेली, हे रस्त्यावरच्या लोकांना कळायला मार्ग नव्हता. बंदोबस्ताला आलेल्या काही पोलिसांचेही चेहरे झाकलेले होते. हेल्मेटशिवाय नुसते बुरखे घालणं योग्य नव्हतं, हे पोलीस आयुक्त ड्र्यू हॅरिस यांनी नंतर मान्य केलं.

मग डिसेंबर. रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनजवळ फाल्स्क इथल्या एका शेतघरातून दोन भाऊ आणि त्यांची बहीण यांना बाहेर काढण्यात आलं. आदेश बँकेच्या बाजूने होता आणि बँकेसाठी ताबा घ्यायला आलेले रक्षक सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडमधले होते. झटापटीचे व्हिडिओ घरोघरी मोबाइलवर पोचले. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला पहाटे, शस्त्रं घेतलेली टोळी त्या घरावर चालून आली. रक्षकांना मारहाण झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका जखमी कुत्र्याला दयामरण द्यावं लागलं. पंतप्रधान लिओ वराडकर यांनी हल्ल्याचा निषेध केला. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेल्या या नेत्याच्या कारकिर्दीतलं हे अतिशय अवघड प्रकरण होतं.

हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण लोक इतके का पेटले, हे त्या गावाचा इतिहास पाहिल्यावर उमगतं. बटाट्याच्या दुष्काळात स्ट्रोक्सटाउनचा जमीनदार डेनिस माहोन याने हजारो कुळांना घराबाहेर काढलं आणि १८४७ मध्ये सुमारे दीड हजार जणांना कॅनडाकडे रवाना केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्याच्या वाड्याच्या आवारात आज राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे. अशा मुलखात अनोळखी माणसांनी एखाद्याला घरातून ओढून बाहेर काढणं हे नुसतं वसुलीचं काम म्हणून कोण पाहील?

आयरिश पोलिसांचं म्हणणं असं की, ताब्याचा दिवाणी आदेश अमलात आणणं हे त्यांचं काम नाही, त्यांनी शांतता राखायची. ते काम परंपरेने शेरीफचं किंवा परगण्याच्या रजिस्ट्रारचं. पण २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर गृहकर्जं मोठ्या प्रमाणावर थकली. बँकांनी नेमलेले रिसीव्हर ताबा घेण्यासाठी खासगी रक्षक आणू लागले. शेरीफ चुकला तर कुठे दाद मागायची हे ठाऊक असतं. छातीवर नाव ना क्रमांक अशा माणसाने दंडाला धरून बाहेर काढलं, तर तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?

फाल्स्कनंतर न्याय खात्याने या प्रश्नाचा अभ्यास करायला गट नेमला आणि २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ताबा घेण्यासाठी माणसांना जागेतून हटवणारे आणि कर्जापोटी वस्तू उचलून नेणारे रक्षक हा परवान्याचा स्वतंत्र वर्ग ठरला. परवाना आला की पूर्वेतिहासाची तपासणी येते, ओळखपत्र येतं, तक्रारीला पत्ता मिळतो आणि परवाना जाण्याची भीतीही राहते. ओळख पटण्याची ही सोय रक्षकाच्याही हिताची आहे. तुटपुंज्या रोजावर परक्या गावात उभा असलेला माणूस कायद्याने ओळखीचा असला, तर लोकांचा राग त्याच्यावर निघण्याचा धोका कमी होतो.

परवान्याने थकलेला हप्ता मात्र भरला जात नाही, आणि घर गेलेल्याला दुसरं घरही मिळत नाही. शिवाय सगळा धाक दारात उभ्या असलेल्या माणसालाच घालून चालणार नाही. घर कधी रिकामं करायचं, आत म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर काय करायचं, किती माणसं न्यायची, हे ठरतं बँकेच्या आणि रिसीव्हरच्या कचेरीत. त्या निर्णयांचा जाब तिथेच विचारला गेला पाहिजे, आणि तोही बाहेर काढलेल्या कुटुंबासमोर.