पायाचा निरोप इंजिनाला कोण सांगतं?

नाशिकचा द्वारका चौक म्हणजे डोक्यावर मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल, खाली पुण्याकडे फुटणारा रस्ता आणि मधे रिक्षा, एसटी, सिटीलिंकच्या बस, ट्रक आणि कार यांची ही गर्दी! इथे गाडी जराशी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरचा उजवा पाय सारखा कामाला लागलेला. एक्सलरेटर दाब, सोड. दाब, सोड.

पण दोस्तांनो, पाय दाबलेला इंजिनाला कळतो कसा? पेडल आत, इंजिन बॉनेटखाली आणि मधे पत्र्याची भिंत. मग निरोप पोचवतो कोण? याची दोन उत्तरं आहेत. द्वारकेच्या गर्दीत ही दोन्ही उत्तरं एकमेकांना खेटून उभी असतात!

त्याआधी एक गंमत सांगते. पेडल दाबलं की इंजिनात पेट्रोल सोडलं जातं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पेट्रोलच्या कारमध्ये पेडल आधी हवा सोडतं! इंजिनात पिस्टन खाली गेला की हवा आत ओढली जाते. त्या हवेच्या वाटेवर एक गोल चकती असते. मेकॅनिक तिला 'बटरफ्लाय' म्हणतात. चकती आडवी फिरली की वाट बंद, उभी फिरली की वाट मोकळी. जितकी हवा आत जाईल, त्या बेताने पेट्रोल मिसळलं जातं. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हिशोब केला तर एका लिटर पेट्रोलसाठी 9 ते 10 हजार लिटर हवा! गाडी सिग्नलला नुसती उभी असली आणि इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असलं, तरी चार सिलिंडर मिळून मिनिटाला 1,600 वेळा हवा ओढतात. ही सगळी हवा त्या एका चकतीशेजारून जाते. या झडपेला म्हणतात थ्रॉटल. (डिझेलच्या गाडीत पेडल मुख्यतः डिझेल किती जायचं ते ठरवतं, पण निरोप पोचवण्याचा प्रश्न तिथेही तोच.)

आता पहिलं उत्तर : केबल. तुमच्या सायकलचा ब्रेक दाबून बघा. हँडलपासून चाकापर्यंत एक काळी नळी जाते आणि तिच्या आत तारांचा पीळ सरकतो. 1896 साली अर्नेस्ट बाउडेन यांनी ब्रिटनमध्ये या केबलचं पेटंट घेतलं. हीच केबल पुढे मोटारीत आली. पेडल दाबलं की तार ओढली जाते आणि पलीकडची चकती फिरते. पाय उचलला की स्प्रिंग चकतीला मागे आणते. 1983 साली आलेली आणि 2014 पर्यंत बनत राहिलेली मारुती 800 अशीच पायाच्या जोरावर पळायची. पाय जेवढा दाबाल, चकती तेवढीच फिरणार. वीज नको, कॉम्प्युटर नको. बिघाड झाला तर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येही पक्कड आणि नवी केबल एवढ्यावर काम भागतं. मात्र पावसाळ्यात केबल गंजते, धुळीने जड होते, तिचे पीळ तुटतात. ती मधेच अडकली की पाय उचलल्यावरही रेस चढलेलीच राहते. शिवाय केबलला विचार करता येत नाही. चाक घसरत असो की इंजिन गुदमरत असो, ती ओढली गेली की चकती उघडणारच.

दुसरं उत्तर आहे वीज. आजच्या बहुतेक नव्या कारमध्ये पेडल आणि चकती यांच्यामधे केबल नसतेच. पेडलाच्या मुळाशी सेन्सर असतात. पाय किती दाबला ते ओळखून ते विजेचा इशारा गाडीतल्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे, धाडतात. ईसीयू विचार करतो आणि चकतीजवळच्या छोट्या मोटरला सांगतो, "एवढी फिरव." पापणी लवायच्या आत हे सगळं घडतं! 1987 साली बीएमडब्ल्यू कंपनीच्या बारा सिलिंडरच्या 750 या कारमध्ये ही पद्धत आली. तेव्हा ती फार महागड्या गाडीची चैन होती.

या पद्धतीत पाय हुकूम देत नाही, मागणी करतो. भर उन्हाळ्यात द्वारकेच्या कोंडीत एसी सुरू झाला की इंजिनावर ओझं येतं. ईसीयू लगेच चकती किंचित उघडतो आणि इंजिन बंद पडत नाही. ओल्या रस्त्यावर चाक गरगर फिरू लागलं, तर काही गाड्यांत पाय दाबलेला असूनही तो चकती थोडी मिटतो. समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावला की वेग सांभाळायला चकती तोच उघडतो-मिटतो. पेडल आणि ब्रेक चुकून एकदम दाबले गेले, तर बऱ्याच गाड्या ब्रेकचंच ऐकतात.

"पण सेन्सरच खोटं बोलला तर?" शाबास! इंजिनिअरांनाही सगळ्यात आधी हीच काळजी पडली. म्हणून पेडलात एक नाही, दोन सेन्सर बसवतात आणि चकतीपाशी आणखी दोन. बऱ्याच गाड्यांत पेडलाचा दुसरा सेन्सर पहिल्याच्या निम्मं व्होल्टेज दाखवतो. हे कशासाठी? समजा, बाईंनी एका मॉनिटरला वर्गातली मुलं मोजायला सांगितली आणि दुसऱ्याला बाकं. एका बाकावर दोघं बसतात. मुलं 40 आणि बाकं 20 आली, तर हिशोब जुळला. दोघांनीही 40 सांगितलं, तर कुणीतरी नुसतं दुसऱ्याचं ऐकून बोललं हे बाईंना लगेच कळेल. ईसीयू हीच पडताळणी सतत करत राहतो. हिशोब जुळला नाही की डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. मोटरची वीजच गेली, तर स्प्रिंग चकतीला अगदी थोडी उघडी ठेवते. गाडी जोरात पळत नाही, पण हळूहळू रस्त्याच्या कडेला नेता येते.

याच पद्धतीने आजची बरीच विमानंही उडतात. द्वारकेहून महामार्गाने धुळ्याच्या दिशेला गेलं की ओझर लागतं. तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. 1960 च्या दशकापासून तिथे मिग-21 विमानं तयार झाली. त्यांत वैमानिकाच्या हाताचा निरोप दांड्यांमधून आणि तेलाच्या दाबाने पंखांकडे जायचा. 17 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए आकाशात झेपावलं. तेजसमध्ये वैमानिकाचा निरोप विजेने जातो आणि तो तपासणाऱ्या वाटा दोन नाहीत, चार! आकाशात गाडी कडेला घेता येत नाही ना! विजेच्या निरोपाची अशी चाचणी अमेरिकेत नासाने 25 मे 1972 रोजी केली होती. त्या एफ-8 विमानात कॉम्प्युटर कोणता होता माहीत आहे? चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांचा!

द्वारकेहून दुसऱ्या बाजूला, पुणे रस्त्याने गेलात तर चाकण येतं. तिथल्या बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूक या मोटरसायकलची थ्रॉटल केबल 2017 मध्ये गेली आणि तिथे सेन्सर आले. इलेक्ट्रिक कारमध्ये तर हवेची चकतीही नाही, कारण जाळायला काही नाहीच. पेडलाखालचे सेन्सर मात्र आहेत आणि त्यांची एकमेकांशी पडताळणीही चालूच आहे.

मग यांतलं चांगलं कोणतं? केबल साधी आणि प्रामाणिक. वीज हुशार, पण तिचा दोष शोधायला स्कॅनर लागतो आणि उंदरांनी वायर कुरतडली तर पंचाईत. तरी मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण ती स्वतःवरही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

तुमच्या घरची पेट्रोल गाडी कोणत्या पद्धतीची आहे ते शोधून काढा. मोठ्या माणसाला सोबत घ्या. इंजिन गार असू द्या आणि चावी काढून ठेवा. बॉनेट उघडून एकाने लांबूनच थ्रॉटलकडे बघायचं, दुसऱ्याने पेडल दाबायचं. बॉनेटखाली तार ओढली गेली, तर केबल. काहीच हललं नाही, तर समजा तुमच्या पायाचा निरोप विजेने जातो. सापडलेलं उत्तर ओळखीच्या मेकॅनिककाकांना सांगा आणि त्यांना विचारा, "काका, तुम्हाला दुरुस्तीला कोणती सोपी वाटते?"