आवाज का फाटतो? गाडीतल्या ॲम्प्लिफायरचे गणित

गाडीतल्या स्टिरिओच्या खोक्यावर ‘50 वॉट × 4’ छापलेले असते, पण प्रत्येक स्पीकरला सलग मिळतात जेमतेम 15 ते 20 वॉट. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 4 ओहमच्या स्पीकरमध्ये याहून फारशी ताकद ढकलताच येत नाही. वेगळा बसवलेला ॲम्प्लिफायर मात्र आधी बॅटरीचा दाब आतल्या आत वाढवून घेतो. खरी ताकद तिथून येते.

खरेदीत ‘पीक’चा म्हणजे क्षणिक ताकदीचा आकडा सोडून ‘आरएमएस’ म्हणजे सलग ताकदीचा आकडा पाहावा. तो स्पीकरच्या आरएमएसशी जुळला पाहिजे. ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने, तेव्हा मोठ्या आकड्याचा मोह व्यर्थ आहे.

महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या नार्नूरला निवडीत उन्हाचाही विचार हवा. नार्नूर ज्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे, तिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत तर त्याहून कितीतरी वर. ‘क्लास एबी’ प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये जवळपास निम्मी वीज उष्णता होऊन जाते, ‘क्लास डी’त 80 टक्क्यांहून अधिक वीज कामी येते. त्यामुळे इथे क्लास डी बरा. सीटखाली बसवताना त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांना हवा लागेल आणि धूळ पुसता येईल, एवढी जागा सोडावी.

बॅटरीच्या वायरला पहिल्या 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू शकते. अर्थिंगची वायर आखूड ठेवून रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळावी.

सर्वाधिक घोळ ‘गेन’चा होतो. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालणारे ते बटण आहे. ते जास्त फिरवले की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. सपाट झालेली लहर स्पीकरच्या कॉइलला जास्त तापवते, आणि नाजूक ट्वीटर आधी जळतो. 100 वॉट, 4 ओहमच्या वूफरसाठी गेनचा हिशेब सरळ आहे: 100 गुणिले 4 म्हणजे 400, त्याचे वर्गमूळ 20, म्हणजे 20 व्होल्ट. स्पीकर सोडवून, बास वाढवलेला असल्यास शून्यावर आणून, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवावा. 50 हर्ट्झचा सूर लावून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी 20 व्होल्ट दाखवेपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. तिथेच थांबावे.

दारातल्या स्पीकरचा हाय-पास (खालचे सूर रोखणारा फिल्टर) आणि वूफरचा लो-पास (वरचे सूर रोखणारा) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवावा. शेवटी इंजिन सुरू करून रेस द्यावी. रेसबरोबर शिट्टी चढत गेली, तर अर्थिंग पुन्हा तपासावे आणि सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.