अलाइनरची घरच्या घरी निगा

वाकडेतिकडे दात सरळ करण्यासाठी आता तारेऐवजी पारदर्शक अलाइनरही बसवतात. हे प्लास्टिकचे साचे दिवसाचे 20 ते 22 तास दातांवर असतात. त्यांच्याखाली अडकलेला गोड अंश लाळेने नीट धुतला जात नाही. निगा राखली नाही, तर दात सरळ होता होता किडू लागतात.

सकाळी व रात्री अलाइनर साध्या पाण्याखाली धरून मऊ ब्रशने आतून-बाहेरून हलकेच घासावेत. बिनवासाचा सौम्य साबण चालतो. टूथपेस्टने मात्र चरे पडू शकतात आणि त्यांत घाण साठते. गरम पाणी मुळीच वापरू नये. साचा किंचित वाकला तरी दातांवर नीट बसत नाही.

जेवताना व चहा पिताना अलाइनर काढावेत, नाहीतर हळदीचे, चहाचे डाग चढतात. नंतर दात घासूनच ते परत घालावेत. बाहेर असल्यास निदान चूळ भरावी. रमजानमध्ये सहरीच्या घाईत हेच राहून जाते आणि अन्नकण इफ्तारपर्यंत दातांवर दाबलेले राहतात. त्यासाठी सहरी पाच मिनिटे आधी आटोपावी.

दावतीत अलाइनर कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नयेत. उष्ट्याबरोबर ते कचऱ्यात जातात. डबी नेहमी जवळ असावी. आधीचा जोडही जपून ठेवावा. अलाइनर हरवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, कारण रिकामे दिवस गेले की दात मागे सरकू लागतात.