हे स्वादुपिंड असते तरी कुठे?

३० जानेवारी २०१९ रोजी मनोहर पर्रीकरांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती. ते छायाचित्र अनेकांना आठवत असेल. १७ मार्चला ते गेले. वय अवघे ६३. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात पाच-सहा जणांनी तरी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, हे स्वादुपिंड असते तरी कुठे?’

असते जठराच्या मागे, अर्धा फूट लांब. अन्न पचवणारा रस आणि इन्शुलिन, दोन्ही तिथे तयार होतात. इतक्या आत दडलेली गाठ हाताला लागत नाही आणि तिच्या तक्रारीही साध्या वाटतात. भूक मंदावते, वजन उतरते, पोटातली कळ पाठीत जाते. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली तर पित्ताची नळी दबून कावीळ होते. पोट बहुधा दुखत नाही. अंगाला खाज सुटते, मल पांढुरका होतो.

आपल्या विदर्भात कावीळ म्हटली की पुष्कळ जण आधी माळ घालतात. माझ्याकडच्या एका निवृत्त मास्तरांच्या गळ्यातही ती होती. पण माळेला काय दोष देऊ? त्याआधी तीन महिने मीच त्यांना अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत होतो. साठीनंतर अचानक मधुमेह निघाला, वजनही घटत होते; त्यावरही मी गोळीच लिहिली. सी.टी. स्कॅन झाला तेव्हा गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली होती. शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. पाच रुग्णांत जेमतेम एकच त्या वेळेत सापडतो.

स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रिया व्यासपीठावर येतात, सरकारकडे मागणी करतात. या आजारात मागणी करायला उरतो कोण? अमेरिकेत ते काम नातेवाइकांनी केले. जानेवारी २०१३ मध्ये तिथे कायदा झाला आणि अशा चिवट कर्करोगांच्या संशोधनाचा आराखडा करणे सरकारी संस्थेला भाग पडले. तिथे पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दोन दशकांत शेकडा ५ वरून १३ वर आले आहे.

आपली सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी आहे. ते योग्यच, कारण त्यांच्यासाठी सोप्या तपासण्या आहेत. स्वादुपिंडासाठी सर्वांना करता येईल अशी चाचणीच नाही. ती शोधायला पैसा हवा. नागपुरात तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची संस्था आहे. उपचाराची सोय झाली, रुग्ण मात्र उशिराच पोचतो. आणि तंबाखू? ती ओढली काय नि खर्ऱ्यात घोटली काय, स्वादुपिंडाला दोन्ही घातक.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी या आजाराचा जागतिक दिवस असतो. त्या दिवशी मी दवाखान्याच्या दारावर लक्षणांचा कागद लावतो. गेल्या वर्षी तो वाचून दोघे आत आले. एकाला पित्ताचे खडे निघाले. दुसऱ्याच्या पत्नीने त्याला ओढतच आणले होते; त्याची गाठ लहान होती, शस्त्रक्रिया झाली.