कारखान्यांचा शेजारधर्म

श्रोतेहो, घरी लोणी काढले की उरलेले ताक शेजारी पाठवावे, ही आपली जुनी रीत. कारखान्यांनी हाच शेजारधर्म पाळला तर काय होते, हे डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या समुद्रकाठच्या लहानशा शहरात पाहावयास मिळते.

तेथील तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू १९७२ पासून शेजारच्या कारखान्यास नळाने मिळू लागला. हा दुसरा कारखाना जिप्समचे तक्ते करणारा. त्याच्या भट्ट्या त्या वायूवर चालू लागल्या. पुढे १९८२ साली वीजकेंद्राची वाफ तेलशुद्धीकरणास व औषधांच्या कारखान्यास पुरविण्यात आली, तर त्याच्या उष्णतेने गावातील घरे ऊबदार झाली. १९९३ पासून कोळशाच्या धुरातील गंधक चुन्याच्या साहाय्याने काढून घेताना जिप्सम तयार होई. तेही तक्त्यांसाठी जाई. इन्शुलिन करताना उरलेले यीस्ट डुकरांचे खाद्य झाले.

हे कोणाच्या आज्ञेने घडले नाही. अंतर थोडे होते, व्यवस्थापकांचा परस्परपरिचय होता आणि प्रत्येक करार उभयतांच्या लाभाचा होता.

तथापि, शेजाऱ्यावर विसंबण्यात धोकाही असतो. २०१९-२० च्या सुमारास वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळावयास घेतले. ते योग्यच झाले. पण धुरातून मिळणारे जिप्सम आटले. म्हणून आपल्या घरी उद्या होणारा बदल शेजाऱ्यास आजच सांगावा लागतो. ताकाला जाऊन भांडे लपविणाऱ्यांस हा व्यवहार साधावयाचा नाही.