दोष कोठे आहे?

कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस येते. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात तिला महापूर आला. सांगली शहरात पाणी घरांत शिरले, आणि अनेक कुटुंबांची कागदपत्रे व छायाचित्रे भिजून नष्ट झाली.

अशाच एका घराची कल्पना करू या. आजोबा नाट्यपदे गात असत. त्यांच्या आवाजाच्या तबकड्या, म्हणजे सीडी, पुरात गेल्या. परंतु एक प्रत साताऱ्यास आत्यांकडे होती. काही वर्षांनी आत्या ती घेऊन आल्या. मुलीने ती संगणकात घातली. पण पडद्यावर काहीच उमटले नाही. तबकडी वाचणाऱ्या ड्राइव्हचे नावच संगणकाच्या यादीतून नाहीसे झाले होते! मध्यंतरी घरातील संगणकावर विंडोज ७ च्या जागी विंडोज १० आणली होती. वडील म्हणाले, "हा ड्राइव्ह जुना झाला. टाकून देऊ." आत्या म्हणाल्या, "अरे, आधी तपासून तर पाहा."

आत्यांचे म्हणणे योग्य होते. उसाच्या सरीत पाणी आले नाही, तर शेतकरी लगेच नवा पंप आणीत नाही. वीज आहे का, पंप चालतो का, नळ फुटला आहे का, पाटात गाळ साचला आहे का, हे तो क्रमाने पाहतो. संगणकाचेही तसेच आहे.

प्रथम ड्राइव्हचे काम समजून घेऊ. सीडीवर आतून बाहेर जाणारी एक अतिशय बारीक सर्पिल वाट असते. ती उलगडली, तर सुमारे ५ किलोमीटर भरेल. ड्राइव्ह तबकडी फिरवतो आणि लेसर किरणाने त्या वाटेवरील खुणा वाचतो. वाचलेले संगणकाच्या मुख्य कार्यप्रणालीस कळवण्यासाठी मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्यप्रणाली बदलली, की या दुभाष्याची साखळी कधी कधी तुटते. मग ड्राइव्ह धडधाकट असूनही मुका ठरतो.

आता तपासाचा क्रम पाहू. पहिली पायरी विजेची. ड्राइव्हचा दिवा लागतो का? खण उघडतो का? मुलीने कळ दाबली, खण उघडला. म्हणजे वीज पोहोचत होती.

दुसरी पायरी जोडणीची. संगणक सुरू होताना, विंडोज जागी होण्यापूर्वी, बायोसच्या पडद्यावर जोडलेल्या उपकरणांची नावे पाहता येतात. तेथे ड्राइव्हचे नाव होते. म्हणजे ड्राइव्ह आणि त्याची तार, दोन्ही ठीक असावीत. दोष विंडोजच्या बाजूस शोधला पाहिजे, हे यावरून ठरले.

तिसरी पायरी डिव्हाइस मॅनेजरची. तेथे ड्राइव्हच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि ३९ हा दोषक्रमांक दिसला. १९, ३१, ३२ किंवा ४१ हे क्रमांकही अशा वेळी दिसतात. मुलीने ड्राइव्हची नोंद काढून टाकली व संगणक पुन्हा सुरू केला. असे केल्याने विंडोज उपकरण नव्याने ओळखते. बहुधा एवढ्यानेच काम भागते. येथे मात्र भागले नाही.

चौथी पायरी नाजूक आहे. तबकड्या लिहिण्याचे जुने कार्यक्रम विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत 'अपरफिल्टर्स' व 'लोअरफिल्टर्स' अशा नोंदी करतात. कार्यक्रम गेला तरी नोंद उरते, आणि नवी कार्यप्रणाली तेथे अडखळते. या वहीत चुकीची नोंद पुसली, तर संगणक बिघडू शकतो. म्हणून जाणकारास बोलावले. त्याने आधी त्या भागाची प्रत काढून ठेवली, मग सीडी-डीव्हीडीच्या विभागातील त्या दोन नोंदीच तेवढ्या काढल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला. ड्राइव्हचे नाव यादीत परत आले.

मुलीने तबकडी कडेने धरली, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसली आणि खणात ठेवली. क्षणभराने आजोबांचा आवाज घरात घुमला. आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

पदे संपल्यावर मुलीने त्यांच्या दोन प्रती काढल्या. एक सांगलीत ठेवली, दुसरी आत्यांबरोबर साताऱ्यास पाठवली.

यंत्र बंद पडले, की ते टाकून देण्याची घाई करू नये. शेवटचा बदल कोणता झाला, हे आठवावे. सोप्याकडून कठिणाकडे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. आणि जी वस्तू पुन्हा मिळणार नाही, तिची प्रत एकाच नदीकाठी ठेवू नये.